पितळी मायक्रोस्कोप कुणी केला?

बाई, तुमचा तो पितळी मायक्रोस्कोप आता माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी उभा आहे. सुरतेतली आपली मराठी शाळा बंद झाली तेव्हा, हे जुनं पितळ कुणाला हवंय का, असं विचारलं गेलं आणि माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. तुम्हीच लावलेली सवय.

नव्वदच्या दशकातली आमची सातवी. वर्गात बहुतेक लूमकामगारांची, खानदेशातली पोरं. तुम्ही तो खिडकीत ठेवायचात, आरशावर ऊन घ्यायचात आणि कांद्याचा पापुद्रा दाखवायचात. आम्ही एक डोळा मिटून ‘विटा दिसतात बाई’ म्हणत असू, तेव्हा तुमचं बोट मात्र नळीवरच्या पुसट अक्षरांवरून फिरत असायचं. हा बनवला कुणी, एवढंच तुम्हाला हवं होतं. हेडमास्तर म्हणायचे, चालतोय ना, मग झालं. नाव कळल्याशिवाय मी रिटायर व्हायची नाही, असं तुम्ही त्यांना ठणकावलं होतं.

नाव गेलं होतं ते भक्तीने. खंडेनवमीला आमच्या वडिलांच्या कारखान्यात लूमची पूजा, तशी शाळेत मायक्रोस्कोपची. पूजा म्हटलं की आधी घासणं आलंच. माझ्या आईलाही त्यात काही वावगं दिसेना: “पितळनं शे ना? मंग चिंच लाव.” तुम्ही शाळेत येईपर्यंत आमच्या आधीच्या पोरांनी चिंच आणि राख लावून निम्मी अक्षरं घालवली होती. तुम्ही चिंच बंद केलीत, फक्त हळदकुंकू ठेवलंत.

त्या वर्षी कुंकू लावायचा मान माझा. चिमूट जास्त झाली, नळीभर सांडलं. तुम्ही चिडून पदरानेच पुसायला लागलात आणि मध्येच थांबलात. वरचं कुंकू गेलं होतं, पण खाचांमधलं राहिलं होतं, आणि पितळेवर लाल अक्षरं उमटली होती.

“कुणी हात लावू नका,” तुम्ही म्हणालात, आणि चक्क जमिनीवर बसलात. नावाची शेवटची तीन अक्षरं आणि खाली लंडन. अख्ख्या वर्गाने रांगेने वाचलं. तुमच्या वाटचा पेढाही तुम्ही मलाच दिलात. बाकीचं नाव मात्र तुम्हाला मिळालं नाही. तुम्ही रिटायर झालात, मग गेलातही.

परवा मला ते मिळालं, बाई. तीन अक्षरांवरून इंटरनेटवर शोधत शोधत पूर्ण नाव लागलं आणि मी एकटीच टाळी वाजवली. पण पुढे वाचते तर काय, तो दुकानदार निघाला! छोट्या कारखान्यांतून माल घ्यायचा आणि आपलं नाव कोरून विकायचा. मग मी स्क्रू खोलले. प्रत्येक भागाच्या आतल्या अंगाला, अगदी आरशाच्या कडीलाही, ठोकलेले तीन ठिपके. एका मायक्रोस्कोपचा भाग दुसऱ्याला लागू नये म्हणून. लूम खोलताना माझे वडील खडूने अशाच खुणा करायचे. म्हणजे ठिपके ठोकणारा तोच खरा बनवणारा. त्याचं नाव कुठेच नाही.

हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले. पाठवणार कुठे? खरं सांगू, त्याचं नाव नाही मिळालं ते मला बरंच वाटलं. उत्तर पुरतं मिळालं असतं, तर तुमची आठवण काढायला मला दुसरं निमित्त शोधावं लागलं असतं.