माफीची तालीम

आबा, उद्या अकराला माझा इंटरव्ह्यू आहे. हसू नका. चौथी शिकलेल्या बाईला कोण बोलावतं, असं मलाही वाटलं होतं. पण कारेगावातल्या गॅस एजन्सीला काउंटरवर तक्रारी घ्यायला बाई पाहिजे, आणि तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका आमच्यासारख्याच, म्हणून शिक्षणाचं फार बघणार नाहीत म्हणे. कंपनीत पॅकिंगला उभं राहून राहून गुडघे गेले माझे. डॉक्टर म्हणाला, उभ्याचं काम आता बंद. बसून करायचं काम मला दुसरं कोण देणार? हे गेलं तर घरात बसायचं, सुनेच्या तोंडाकडं बघत.

त्याच सुनेनं माझी तयारी घेतली. ती मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, तिला गिऱ्हाइकाची रीत माहीत. दुपारी ती झाली भांडायला आलेली बाई, आणि मी खुर्चीत.

"आठ दिस झालं नंबर लावून, टाकी कुठंय? चूल पेटवू का आता?"

"पेटव की! मी काय डोक्यावर घिऊन येऊ?"

"आत्या, पहिल्याच वाक्याला घालवली नोकरी!" पोट धरून हसली. मग म्हणाली, "भांडायचं न्हाई. आधी म्हणायचं, माफ करा ताई, तुम्हाला त्रास झाला."

"टाकी गाडीवाल्यानं आणली न्हाई. मी कशापायी माफी मागू?"

"त्याचाच पगार असतोय, आत्या."

तिला काय सांगू? मला दौंडचा तो दिवस दिसतो. मी नऊ-दहा वर्षांची, तुमचा डबा घेऊन रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर आलेय. तुम्ही तिथं झाडलोटीला. ओट्यावरची कुंडी फुटलीय, बाईसाहेब माझ्यावर ओरडतायत, आणि मी हात जोडून म्हणतेय, चुकलं, परत न्हाई करणार. तुम्ही खराटा टाकून येता आणि माझे जोडलेले हात धरून वेगळे करता.

"तू फोडली का?"

"न्हाई, आबा."

"मग हात कशाला जोडलं? आपल्या बापजाद्यांनी जोडलं तेवढं बास झालं."

हे बाईसाहेबांच्या तोंडावर म्हणालात. पुढच्याच आठवड्यात तुम्हाला बंगल्यावरून काढून लाइनीवर पाठवलं, खडी ओढायला. उन्हानं काळे पडलात, पण घरी त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. मीही त्यानंतर कुणापुढं वाकले नाही. सासूशी भांडले, सुपरवायझरशी भांडले. तोंडाळ म्हणून नाव पडलं, पडू दे म्हणलं.

आता काय करू, सांगा. तुम्ही असता तरी विचारलं नसतं, कारण तुमचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते ऐकून मला घरीच बसावं लागलं असतं. गुडघ्यांना तुमचं उत्तर कळत नाही, आबा.

सून काही सोडेना. आवाज खाली आणा, मान जरा हलवा, परत म्हणा. सात-आठ वेळा म्हणून घेतलं. शेवटी तीच म्हणाली, "जमलं की, आत्या. खरंच वाटलं." आणि कुकर लावायला आत गेली.

हे लिहिलंय खरं, पण पाठवायचं कुठं? तुम्ही समोर असता तर सांगितलं असतं की लई जड गेलं, जीभ रेटत नव्हती. खोटं बोलले असते. शेवटच्या वेळेला सोपं गेलं.