लाइन क्लिअर

१६ नोव्हेंबर, रविवार
आज खडकमाळ स्टेशनावर माझा पहिला दिवस! चाकणपासून मोटारसायकलवर अर्धा तास. गाड्या बंद होऊन तीस वर्षं झाली, रूळही उपटून नेलेत, तरी सुमनताईंची स्वयंसेवक मंडळी हे स्टेशन जपतायत. कंपनीत मी क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार. इथे मास्तरांची खोली पुसायला मिळाली. पुढच्या रविवारी उद्‌घाटन आहे. फलाट हेच स्टेज, आणि शाळेची पोरं बसणार खाली, रूळ होते तिथल्या गवतावर. माझी लेक करिष्मा हिरवी झेंडी दाखवणार. रहाटणीच्या घरात तालीम जोरात आहे, माझा टॉवेलसुद्धा झेंडी झालाय.

१७, सोमवार
सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळीच गेलो. मास्तरांच्या टेबलावर घंटेची लाकडी पेटी आहे, मागच्या स्टेशनाशी बोलायची. पुसता पुसता घंटा तीनदा वाजली. मीही गमतीत तिचं बटण तीनदा दाबलं. मग मागे वाकून पाहिलं, तर वायर कधीचीच तुटलेली.
बाहेर बबनराव झाडत होते, इथले जुने सांधेवाले, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. त्यांना सांगितलं, तर झाडू खाली ठेवून म्हणाले, "उत्तर दिलं व्हय? आवं, मंग लाइन क्लिअर झाली की. गाडी निघाली आता." मी हसलो. ते हसले नाहीत.

१८, मंगळवार
मागच्या स्टेशनाच्या बाजूनं लांबच्या चिंचेपर्यंत गवत दोन ओळींत दबलंय. काल नव्हतं. सवयीनं टेप लावली. दोन ओळींतलं अंतर सगळीकडे सारखं, मिलिमीटरचाही फरक नाही. ट्रॅक्टर इतका सरळ चालत नाही. बबनराव म्हणाले, रुळांचं माप तेच.

२०, गुरुवार
ओळी विहिरीपर्यंत आल्यात. फलाट तिथून चारशे पावलं. मला भीती वाटतेय, उगाच शूरपणा कशाला. पोरांना फलाटावर बसवा, असं सुमनताईंना म्हटलं आणि कारणही सांगून बसलो. सगळे हसले. त्या म्हणाल्या, भाऊ, ओव्हरटाइम कमी करा.

२२, शनिवार
हात दाखवून अवलक्षण, ते हेच. करिष्माला उद्या पाठवू नकोस, असं बायकोला, तनुजाला बजावलं. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. पण बाकीची चाळीस पोरं?
बबनराव म्हणतात, ज्यानं लाइन क्लिअर दिली त्यानंच पुढं उभं राहून लाल झेंडी दाखवायची. ड्रायव्हर झेंडीशिवाय कुणाचं ऐकत न्हाई.

२३, रविवार
ओळी फलाटापासून शंभर पावलांवर. मी त्यांच्या मधोमध, हातात लाल झेंडी. वही मुद्दाम आणलीय — सुमनताई, मला काही झालं तर आधी पोरं वर घ्या —

पोरं आली. गवतावरच बसली. ओरडलो, तर त्यांनी हात हलवले.

घंटा. तीनदा. इथवर ऐकू आली —

समोरचं गवत दबतंय. येतेय. दिसत काहीच नाही — फक्त गवत —

हळू झाली. लाल दिसली तिला. थांबली. माझ्या पायांपासून वीतभर. तोंडावर गरम वाफ. थांबली, देवा —

मागे टाळ्या. फलाटाच्या टोकाला तनुजा — आणि करिष्मा. पोरीच्या हट्टापुढे —

करिष्मा, खाली कर. बाळा, हात खाली, ती झेंडी हिर