चष्मेवाल्याला लावलेली कात्री

३ मार्च, मंगळवार
सिनेमातला हा चष्मेवाला मीच आहे! फुग्याने नाव बदललंय, पण माणूस तोच — घाबरट, बावळट, घाम फुटला की नाक ओढणारा. फुगा म्हणजे माझा आठवीपासूनचा मित्र. पहिलाच सिनेमा करतोय, विनोदी, शाळेतल्या दोन दोस्तांचा. संकलन मीच करायचं हा त्याचा हट्ट. आज सगळं चित्रण बघितलं, तर पडद्यावर माझीच फजिती चाललीय.

आणि तो प्रसंगही घेतलाय. सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघं शाळेच्या भांडारात शिरलो होतो, जप्त झालेला चेंडू काढायला. फुगा दाराशी शोधत होता, मी आत कपाटांमागे. बाहेर लांबून रखवालदार ओरडला, "धरला रे धरला!" आणि मी मागच्या खिडकीतून पळालो. फुग्याला तिथेच सोडून. सव्वीस वर्षं आम्ही त्यावर अवाक्षर काढलेलं नाही. आता हा पठ्ठ्या तिकीट लावून दाखवणार.

५ मार्च
चष्मेवाल्याला कात्री लावायला घेतली. थोडीच. नाक ओढणं गेलं. बादलीत पाय अडकतो, तेही गेलं. फुग्याला म्हटलं, याने गती येते. त्याने मान डोलावली. संकलनाच्या टेबलापुढे त्याची बोलती बंद असते, हे एक बरं.

९ मार्च, सोमवार
आज पळण्याचा अख्खा प्रसंग उडवला. चष्मेवाला आता गंभीर वाटतो. जवळजवळ देखणा! बायको डबा घेऊन आली, दहा मिनिटं बघत बसली. मग म्हणे, हा मुलगा आजारी आहे का?

तिला संकलनातलं काय कळतंय.

१४ मार्च, शनिवार
ट्रायल शो. साठ माणसं. मी शेवटच्या रांगेत. दोन तासांत लोक एकदाच हसले, ते तिसऱ्या रांगेतली खुर्ची मोडली म्हणून.

निर्मातीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, हा विनोदी सिनेमा आहे हे पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहावं लागेल. मग त्यांनी आवाज उतरवला. आठवड्याभरात हसू आलं नाही, तर दुसरा दिग्दर्शक बसवणार.

फुगा जिन्यात बसला होता. "मला विनोद येतच नाही रे," तो म्हणाला. "उगाच आयुष्यभर गमजा केल्या."

मी त्याला पाण्याची बाटली दिली आणि गप्प बसलो. गप्प! किती हलकट आहे मी.

१५ मार्च
डोकं दुखतंय. कापलेले तुकडे काढून बघत बसलो.

१६ मार्च, सोमवार
सगळं परत जोडतोय. नाक, बादली, खिडकी. खिडकीत तो कमरेपाशी अडकतो, पाय हवेत, आणि तरी मागे वळून बघत नाही. हे बघताना कान तापले. माझी लाज मीच नीट मापून, कुठे जास्त हसतील ते बघून जोडतोय. पण फुग्याचा सिनेमा आहे. माझं काय, मी तसाही तोंड लपवूनच जगतोय.

२१ मार्च, शनिवार
पुन्हा ट्रायल शो. नाक ओढलं — हशा! बादली — शिट्ट्या. खिडकीपाशी तर निर्मातीबाईंना असा ठसका लागला की शेजारच्याने पाठ चोळली. आणि तो पळून गेल्यावर, दुसरा पोरगा एकटाच छड्या खायला उभा राहतो तेव्हा, कुणी हूं की चूं केलं नाही.

फुगा राहिला. दुसरा दिग्दर्शक नाही. आता उद्या त्याला सगळं सांगायचं.

२२ मार्च
सांगितलं. कात्री का लावली ते, चष्मेवाला मी ते, पळालो ते. माफ कर म्हटलं.

"अरे, चष्मेवाला मी आहे," फुगा म्हणाला. "मला कुणी ओळखू नये म्हणून तुझा चष्मा लावला त्याला, दाराची खिडकी केली. आरोळी आली आणि मी तुला सोडून दारातून पळालो. चार दिवस तापाचं सोंग करून घरी पडलो. छड्या तूच खाल्ल्यास ना?"

मी कुठल्या छड्या खाल्ल्या! मीही चार दिवस तापाचं सोंग करून घरीच होतो.

भांडारात मागे कुणी राहिलंच नव्हतं.