पाताळपाळण्याचा दोर आणि माझी इतर मिळकत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो, पण त्यात डोक्याचा काही दोष नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकटी बहीण शेजारच्या खोलीत मुद्दाम भांडी आपटते आहे. त्याला कायद्याने दबाव म्हणता येत नाही, असे वकीलबाईंचे मत पडले. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात दातांच्या डॉक्टरांना काहीही देऊ नये असे तीन वेळा लिहिले होते, ते या लेखाने रद्द समजावे.

कलम १. चौथ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे काही असेल ते धाकटीचे. यात वादाला जागा नाही. इमारतीच्या लिफ्टचा आवाज बदलला की तिने खालच्या ऑफिसात कळवावे. कोणी येणार नाही, तरी कळवावे.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे पाने, पकडी, गेज, ग्रीसची पिचकारी आणि पट्ट्याची पिशवी, तंत्रशाळेत लिफ्टचे काम शिकणाऱ्या मुलींना द्यावीत. काचेच्या कपाटात ठेवायला देऊ नयेत, वापरायला द्यावीत.

ज्या उस्तादांनी मला ही हत्यारे धरायला शिकवली त्यांच्याविषयी इथेच लिहिते. जुन्या दप्तरखान्यात एक लिफ्ट होती. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, नकाशे कोणाकडे नाहीत. उस्ताद ब्रेकवर तळहात ठेवून डोळे मिटायचे, एक बोल्ट पाव आटा फिरवायचे, आणि लिफ्ट मजल्याशी अगदी बरोबर थांबायची. त्यांना नेमके काय जाणवते हे विचारायचे माझ्या मनात होते. सोमवारी विचारू म्हटले. ते शनिवारी गेले. तो ब्रेक पुन्हा जुळवायला मला अकरा महिने लागले, आणि त्या अकरा महिन्यांत मला हरवलेल्या यंत्रांचा नाद लागला.

कलम ३. माझ्या जगाबाबत. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, जग मृत्युपत्रात लिहिता येत नाही. जंगम मिळकत लिहा." तर जंगम मिळकत: एकोणीस जाड वह्या, एक नकाशांची गुंडाळी, फाशांचा एक डबा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गेली सव्वीस वर्षे दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. खेळणारे त्या जगातली पात्रे होतात. दातांचे डॉक्टर तिथे चोर आहेत, औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई जादूगार, आणि निवृत्त भूगोलवाले सर शूर सरदार. आपण काय करतो ते त्यांनी सांगायचे, फासे टाकायचे, सहा पडले की फत्ते, आणि पुढे काय घडते ते मी, म्हणजे सूत्रधाराने, सांगायचे. त्या जगात पूर्वी 'आधीचे' नावाचे लोक होऊन गेले. त्यांची यंत्रे जागोजागी पडलेली आहेत, पण चालवणारे कोणी उरलेले नाही. ती यंत्रे कशी हरवली याचे इतिहास मी लिहीत आले.

माझ्या इतिहासांत प्रलय नाही, शाप नाही. चालता पूल बंद पडला, कारण त्याला शिट्टी घालून बोलावणाऱ्या माणसाचे पुढचे दात पडले आणि शिट्टी दुसऱ्या कोणी शिकलेच नव्हते. धुके दळायची चक्की बंद पडली, कारण अर्धी युक्ती एका भावाला ठाऊक होती, अर्धी दुसऱ्याला, आणि एका लग्नातल्या बसण्याच्या जागेवरून त्यांनी बोलणे टाकले. आवाज साठवायच्या बरण्या शाबूत होत्या, पण त्या उघडायच्या कशा हेच लोक विसरले होते. सरांनी त्या बरण्यांपुढे चार रविवार मंत्र म्हटले, उपास केला, एक घोडा दान दिला. पाचव्या रविवारी मालकीणबाई म्हणाल्या, "मी झाकण डावीकडे फिरवते."

बरणी उघडली. सर तांबडेलाल झाले. "तुम्हाला कसं सुचलं?"

"दिवसभर दुसरं काय करते मी दुकानात?"

नकाशांची गुंडाळी सरांना द्यावी. माझ्या दोन नद्या चढावर वाहतात असे ते चौदा वर्षे म्हणत आले आहेत. त्या दुरुस्त करायची त्यांना परवानगी आहे. एकच नदी दुरुस्त करावी. दुसरी मी जाणूनबुजून काढली होती.

कलम ४. डॉक्टरांबाबत. जमिनीच्या पोटात उतरणारा पाताळपाळणा हे माझे सर्वात लाडके यंत्र. तीन वह्या त्यावरच खर्ची पडल्या: कप्पी, वजने, ब्रेक, सगळे हिशोबासकट. ज्या रविवारी मंडळी त्याच्यापाशी पोचली त्या रविवारी डॉक्टरांनी सुपारी कातरल्यासारखा बारीक प्रश्न काढला. "एवढ्या खोलीचा दोर वळला कोणी?"

चाळीस वर्षे लिफ्टमध्ये काढलेल्या बाईकडे दोराचे उत्तर नव्हते! मी म्हणाले, "ते काळाच्या ओघात हरवलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"हरवलं म्हणतेय ना!"

"वेळ मारून नेताय तुम्ही," डॉक्टर म्हणाले. मी वही मिटली. ते चपला घालून निघून गेले, आणि सहा वर्षे आले नाहीत. खेळ आम्ही पाळण्याला वळसा घालून चालू ठेवला.

मग माझी अक्कलदाढ ठणकली. दुसऱ्या एका दंतवैद्याने हात टेकले आणि चिठ्ठी लिहून दिली ती नेमकी आमच्याच डॉक्टरांच्या नावाने. मी खुर्चीत आडवी झाले. त्यांनी अर्धा जबडा बधिर केला, तोंडात कापूस कोंबला, दिवा डोळ्यांवर आणला, आणि वाकून शांतपणे विचारले, "दोर कोणी वळला?"

मी जे उत्तर दिले ते कापसामुळे कोणाला कळले नाही, हे बरेच झाले.

घरी येऊन मी सूज उतरायच्या आत साठ पाने लिहिली. दोर उतारावरच्या वाडीतल्या बायका वळत. प्रत्येक घराला एकेका पेडाची रीत ठाऊक. पुढे राजाने फर्मान काढले की पाळण्याचे सगळे तंत्र लिहून ठेवा. मुख्य कारागिराने कप्पीवर नऊ पाने लिहिली, ब्रेकवर बारा, आणि दोरापुढे दोनच शब्द लिहिले: 'दोर नेहमीचा.' सहाशे वर्षांनी नेहमीचा म्हणजे कसला, हे सांगणारे कोणी राहिले नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टर आले. त्यांनी साठ पाने उभ्यानेच वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता पटलं." मग बसले. सहा वर्षांच्या भांडणाची एवढीच तड लागली.

डॉक्टरांना पाळण्याच्या तीन वह्यांची मालकी द्यायची होती. वकीलबाईंनी सांगितले की साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, दोन्हींतले एक निवडा. डॉक्टर म्हणाले, "साक्षीदार होतो. वह्या मला पाठ आहेत."

कलम ५. आमच्या कंपनीतल्या माजी सुपरवायझर साहेबांना काही नाही. बाईमाणसाने बॅटरी धरावी, पाना धरू नये, असे म्हणत त्यांनी मला दोन वर्षे नुसती बॅटरी धरायला लावली. माझ्या जगात ते 'फक्त बंद होणाऱ्या दरवाजा'चे संशोधक आहेत आणि अजून आतच आहेत. त्यांना तिथून काढू नये.

कलम ६. यंदा मी पाय घसरून खुब्यावर पडले आणि तीन आठवडे इस्पितळात होते. पहिल्या रविवारी मंडळी सवयीने घरी आली. धाकटीने दार उघडले. सव्वीस वर्षांत ती त्या टेबलाशी एकदाही बसली नव्हती. "तुमचं ते लुटुपुटीचं चालू द्या," म्हणून चहा ठेवून आत जायची. त्या दिवशी ती माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कुठवर आला होतात, पाळण्यात ना? चला, उतरा खाली."

मी खाली एक रिकामे दालन ठेवले होते. धाकटीने तिथे एक म्हातारी बसवली. जिवंत. आधीच्यांपैकी शेवटची. आणि तिच्याकडून तीन तास सगळे वदवून घेतले. डॉक्टर मला भेटायला आले तेव्हा त्यांना ते सांगताना बसवत नव्हते, आणि मला ऐकताना पडवत नव्हते.

घरी आल्यावर मी धाकटीला फैलावर घेतले. "एकोणीस वह्यांत मी एक माणूस जिवंत ठेवला नाही. सगळे गेलेत, हाच तर मुद्दा आहे!"

ती कपडे वाळत घालत होती. वळलीही नाही. "ताई, तुझ्या उस्तादांना विचारायचं राहून गेलं म्हणून साऱ्या जगाला का मारतेस? एक ठेवली मी. तुला नको असेल तर ऐकू नकोस."

मी दोन दिवस वह्या चाळत बसले. तिसऱ्या दिवशी विचारले, "म्हातारी आणखी काय म्हणाली?"

"रविवारी कळेल," धाकटी म्हणाली.

तेव्हापासून ती सूत्रधार आहे आणि मी खेळते. माझे पात्र दोर वळणारी बाई आहे. तिला लढता येत नाही, आणि माझे फासे नेहमी वाईट पडतात. वह्या, फासे आणि जग धाकटीला. तिने खोडावे, बदलावे, हवे तितके लोक जिवंत करावेत.

कलम ७. एकच विनंती. मी गेले म्हणजे त्याच रविवारी माझ्या पात्राला मारून टाकू नये. ती सध्या त्या म्हातारीशेजारी बसली आहे, ऐकते आहे. तिला बसू द्यावे. तिच्यावर काही संकट आले तर तिच्या वतीने फासे डॉक्टरांनी टाकावेत, आणि सहा पडले नाहीत तरी पडले म्हणावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो दोनदा दुरुस्त केला, आणि आता तो माझा आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: चालू महिन्याचा दुसरा रविवार, खेळ सुरू होण्यापूर्वी.
सही: (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार पहिल्या: औषधांच्या दुकानाच्या मालकीण. सही केली. अक्षर वाचता येते, याची नोंद घ्यावी.

साक्षीदार दुसरे: दातांचे डॉक्टर. सही केली. मात्र कलम ७ ला माझी हरकत आहे. पडले नाहीत तर पडले असे मी म्हणणार नाही. सहा पडेपर्यंत टाकत बसेन.