जोडीदार क्रमांक पाच

२ ऑक्टोबर
नवा जोडीदार आला. पाचवा. मिशनचा नियम आहे, परमुलुखात प्रचाराला एकट्याने फिरायचं नाही. दोघांनी एका खोलीत राहायचं, बरोबर दारं ठोठवायची, एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. नियम उत्तम. माणसं भिकार मिळतात. पहिल्याला पित्ताचा त्रास झाला, दुसऱ्याची आई आजारी पडली, तिसऱ्याला अचानक ऑफिसकामाची गोडी लागली. चौथा पत्र पोस्टात टाकून येतो म्हणून गेला, तो बस डेपोवरूनच बदलीचा अर्ज करून मोकळा झाला. एकाच्याही अंगात दम नाही.

सोबत मिशनप्रमुखांचं पत्र. हा शेवटचा. एकतीस मार्चच्या आत यानेही बदली मागितली, तर मला घरी परत पाठवणार. वाचून हसू आलं. निघताना दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, की सहा महिन्यांत परत येतो की नाही बघा, याचं कोणाशी पटलंय आजवर? मी तिथल्या तिथे ठणकावलं होतं, स्वतःचं केंद्र काढल्याशिवाय तोंड दाखवणार नाही. त्याला वर्ष झालं. दादा खोटा पडलाच की.

संकल्प: याला प्रेमाने जिंकायचं. उद्या सकाळपासून.

३ ऑक्टोबर, सकाळी ७
फुर्रर्र आवाज करत चहा पितो. संकल्प उद्यापासून.

६ ऑक्टोबर
साधनेचा फॉर्म भरला. दरवर्षी प्रत्येकाने स्वतःला सगळ्यात कठीण जाईल अशी एक साधना निवडायची, बंद पाकिटातून प्रमुखांकडे पाठवायची आणि वर्षभर पाळायची. मी नम्रता घेतली. खरं तर मला ती सोपीच, पण कठीण असं काही सुचेना. जोडीदाराने फॉर्म कोरा ठेवलाय. म्हणाला, थोडे दिवस अंदाज घेतो. चालढकल, दुसरं काय!

९ ऑक्टोबर
नम्रता जवळजवळ साधली. इतक्या लवकर मिशनमध्ये कोणालाच जमली नसेल.

१४ ऑक्टोबर
आज जोडीदाराला त्याचे दोष सांगितले. प्रेमानेच. एकूण बावीस. त्याने डोळे मिटून ऐकले, ओठ पुटपुटत होते. प्रार्थना म्हणतोय वाटलं. नंतर विचारलं, तर म्हणाला आकडे मोजत होतो, शंभरपर्यंत. दोष बावीस आणि हा मोजतो शंभर! हिशेबात कच्चा. तेविसावा लिहून ठेवला.

संध्याकाळी मात्र त्याने साधनेचा फॉर्म एका दमात भरला आणि पळत जाऊन पेटीत टाकला. इतके दिवस सुचत नव्हतं, माझ्या एका बैठकीत सुचलं. मी शिकवायला लागलो की असं होतं.

२ नोव्हेंबर
सकाळी सव्वीस दारं ठोठवली. चोवीस तोंडावर आपटली. इथे दार आपटायचं शाळेतच शिकवत असावेत. अहवालात ‘चोवीस कुटुंबांशी थेट संपर्क’ असं लिहिलं. पंचविसाव्या घरी कुत्रा होता. जोडीदार त्याला कुरवाळत बसला, मला चावला.

सव्विसावं दार म्हाताऱ्या शिंप्याचं. आत घेतलं. मी पाप या विषयावर पावणेदोन तास बोललो. शिंप्याने मशीन थांबवलं नाही, उलट जोरात चालवलं. दोनदा सुई बोटात घुसली, तरी चालवतोय. निघताना जोडीदाराला हळूच म्हणाला, की पुढच्या वेळी तुम्ही एकटेच या. हादरलाय म्हातारा, मुळापासून. माझ्या नजरेला नजर द्यायची हिंमत उरली नाही त्याच्यात.

९ नोव्हेंबर
शिंप्याकडे. जोडीदार आत, मी जिन्यात. नजरेआड होऊ द्यायचं नाही, म्हणून दार अर्धवट उघडं ठेवायला लावलं. आतून हसण्याचे आवाज. धर्माच्या कामात हसायचं काय असतं? दोन वेळा बाहेरून दुरुस्त्या सांगितल्या. शिंप्याने उठून दार लावून घेतलं.

२० नोव्हेंबर
घरमालकीण चवताळून वर आली. कारण काय, तर मी तिच्या बुटात पत्रक ठेवलं. आधी दाराखालून सरकवत होतो, तर ती त्याने ओटा पुसायची. बूट रोज घालते, म्हणजे पायाला लागणार, म्हणजे काढून वाचणार, असा साधा विचार. बाईला तेवढी अक्कल नाही. म्हणाली, की तुमचा तो दुसरा देवमाणूस आहे, मोरी तुंबली तर हात घालून साफ करून दिली, तुम्ही मात्र पहाटे पाचला रेकून अख्ख्या बिल्डिंगची झोप उडवता. मी शांतपणे समजावलं, की देवमाणूस घडवतंय कोण हे आधी बघा. तिने बूट फेकून मारला. नेम चुकला. नेमालाही श्रद्धा लागते.

११ डिसेंबर
जोडीदार हल्ली बाथरूममध्ये तासतास बसतो. आज बाहेर उभा राहून सहनशीलतेवरचं प्रवचन पूर्ण केलं. त्याने नळ मोठा सोडला. मीही आवाज चढवला. शेजाऱ्यांनी भिंत बडवली. एकाच प्रवचनाचा तीन घरांना लाभ.

३ जानेवारी
जोडीदार रोज झोपायच्या आधी कॅलेंडरवर फुली मारतो. माझ्या सहवासातले दिवस संपत चालले याचं वाईट वाटत असणार बिचाऱ्याला. पण बदलीचा ब्र काढत नाही! तीन महिने झाले. आधीचे चौघं इतके टिकले नव्हते. दादाला फोन करून सांगितलं. म्हणाला, त्या माणसाचा पत्ता दे, मला त्याचे पाय धरायचेत.

८ फेब्रुवारी
मिशनची सहामाही बैठक. सगळ्या गावांतल्या जोड्या जमलेल्या. प्रमुखांनी माझ्या जोडीदाराचं भरभरून कौतुक केलं. एवढा संयम आपण आजवर पाहिला नाही म्हणाले. लोक उठून उठून त्याला भेटत होते, एका बाईने तर त्याच्या हातावर डोकं टेकवलं. मी शेजारी उभा राहून सगळ्यांचे आभार मानत होतो.

मग पाकिटं फोडून प्रत्येकाची साधना मोठ्याने वाचली. माझी वाचल्यावर मागच्या रांगेत कोणाला तरी जोराचा ठसका लागला. मग जोडीदाराची. त्याने लिहिलं होतं, की उपास मला जमतो, जागरणही जमतं, कठीण फक्त एकच दिसतं, या जोडीदाराला वर्षभर सहन करणं.

कोणी हसलं नाही. सगळे गंभीरपणे माना हलवत होते. ते जास्त लागलं.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
हरामखोर. चार महिने माझ्या हातचा चहा प्यायला.

९ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. राग गेला. मी फार कोत्या मनाने बघत होतो. अहो, लोक साधनेसाठी डोंगर चढतात, गुहा शोधतात. याला सगळं एका खोलीत घरबसल्या मिळालं. मी म्हणजे याची गुहा! आणि गुहेनेच कच खाल्ली तर साधकाचं कसं व्हायचं?

संकल्प: त्याची साधना फुकट जाऊ द्यायची नाही. उलट चढवत न्यायची.

१० फेब्रुवारी
कामाला लागलो. प्रार्थनागीत पहाटे पाचऐवजी साडेचारला, त्याच्या उशाशी. दोष सांगणं सकाळ-संध्याकाळ. तो जेवताना मी समोर बसून प्रत्येक घासाचा अर्थ समजावतो. मलाही दमायला होतं, पण दुसऱ्याच्या उन्नतीसाठी झिजावं लागतं.

२६ फेब्रुवारी
उत्तम प्रगती. जोडीदाराची डावी पापणी सारखी फडफडते. बोलणं जवळजवळ बंद. अंतर्मुख होतोय.

१५ मार्च
आज शिंप्याच्या घरात घुसून मी दोघांचं संभाषण सुधारून दिलं. शिंप्याने कात्री उचलली. जोडीदाराने मध्ये पडून ती धरली आणि मग ती स्वतःच हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. शेवटी खाली ठेवली. केवढा संयम! मला अभिमान वाटला. एकतीस मार्चला सोळाच दिवस उरले. त्यानंतर केंद्राचा अर्ज करणार. फलकाचा मजकूर लिहून ठेवला, माझं नाव वर, मोठ्या अक्षरात.

२४ मार्च
प्रमुखांचा फोन. जोडीदाराचा अर्ज पोचला. मला वाटलं, माझ्याबरोबर आणखी एक वर्ष मागितलं असणार. नाही. साधना बदलून मागितलीय. ही झेपत नाही, त्याऐवजी वर्षभर पहाटे बर्फाच्या पाण्याची अंघोळ चालेल का, असं विचारलंय. प्रमुखांनी लगेच हो म्हटलं. मी म्हटलं, फक्त सात दिवस उरलेत, त्याला दम धरायला सांगा. ते म्हणाले, की अहो, या माणसाने दम धरला तेवढा पुरे झाला, तुमचं तिकीट काढलंय.

मी विचारलं, दुसरं कोणीच तयार नाही का? ते म्हणाले, की सगळ्यांना विचारून झालं. मी म्हटलं, सगळ्यांना म्हणजे? ते म्हणाले, सगळ्यांना.

२८ मार्च, दुपार, विमानतळ
नियमाप्रमाणे जोडीदार सोडायला आला. सर्दीने नाक लाल, पण चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. पापणीही थांबली होती. विचारलं, की कसं काय, सोसतंय का बर्फाचं पाणी? म्हणाला, पहिली दोन मिनिटं जीव जातो, पण मग संपतं. मी म्हटलं, म्हणजे शेवटी सोपी साधनाच घेतलीत ना! तो हो म्हणाला, बॅग माझ्या हातात दिली आणि गेला. मागे वळून बघेल म्हणून मी थांबलो होतो. फार वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो, कोण वाचतंय.

दादाला फोन केला. येतोय म्हणून सांगितलं. केंद्राचं त्याने काही विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. मागून वहिनीचा आवाज आला, किती दिवसांसाठी येताहेत ते विचारा. मी म्हटलं, आता कायमचाच. मग दादाचा आवाज आला. हळू आवाजात आकडे मोजत होता.