अठ्ठ्याण्णव अंश

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. मी सातवीत असताना तुम्ही पुण्याहून बदलून आमच्या शाळेत आलात. मुळशीत बदली झालेली माणसं आल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीला लागायची. तुम्ही आधी कपाटाची किल्ली मागितलीत. विज्ञानाची पेटी तिथं पडून होती. पहिले गुरुजी ती तपासणीला साहेब आले की तेवढी बाहेर काढायचे, तुम्ही ती वर्गात आणून आमच्यापुढं उघडलीत. मला अजून दिसतंय, स्पिरिटच्या दिव्यावर पाणी खळखळतंय आणि तुम्ही मला पुढं बोलावून तापमापी वाचायला सांगताय. मी वाचते, अठ्ठ्याण्णव. वर्ग हसतो, कारण पुस्तकात शंभर आहे. तुम्ही स्वतः वाकून बघता आणि सांगता, आपण उंचावर राहतो, इथं पाणी शंभराच्या आधीच उकळतं. "डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं," असं तुम्ही म्हणालात. ओल्या फडक्यातले वाल बंद कपाटात ठेवले तरी रुजले, तेव्हाही तुम्ही तेच म्हणालात. मला ते खरं वाटलं.

आबांनी तेव्हा कबूल केलं होतं की पास झालीस तर पौडाला हायस्कुलात धाडीन. वार्षिक परीक्षेचा पेपर तालुक्याहून आला, सोबत छापील उत्तरं आली, तपासायचं काम तुमच्याकडं होतं. मी सगळा पेपर पाहिलेल्या गोष्टींवरून लिहिला. पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं. बी रुजायला उजेड लागत नाही. बाकी विषयांत पास, विज्ञानात नापास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या खोलीवर आले. तुम्ही स्टोव्हपाशी लसूण सोलत होतात. मला बसायला पाट दिलात, चहा दिलात. मी विचारलं, माझं चुकलं कुठं? तुम्ही खाली बघत म्हणालात की चुकलं काहीच नाही, पण उद्या साहेबांनी गठ्ठा उघडला आणि विचारलं, छापील उत्तर हे असताना या मुलीला मार्क कसे दिले, तर मी त्यांना काय दाखवू?

"तापमापी दाखवा की," मी म्हणाले.

तुमचा हात थांबला. मला वाटलं आता उठाल, लाल पेन घ्याल.

"फार बोलतेस," तुम्ही म्हणालात. "पुढच्या वर्षी पुन्हा बस. मी पाठ करून घेईन."

घरी आबा म्हणाले, "नापास झाली न्हवं? मग बास. घरात कामं काय कमी हायेत?" माझ्या वर्गातल्या ज्या मुलीनं कधी तापमापीला हात लावला नव्हता, ती पुस्तकातली उत्तरं घोकून पास झाली आणि पौडाच्या एसटीत बसली. दोन वर्षांनी माझं लग्न लागलं. दहावी मी दोन पोरांची आई झाल्यावर, बाहेरून बसून काढली. विज्ञानाच्या पेपरात डोळ्यांनी पाहिलेलं एक अक्षर लिहिलं नाही, छापील तेवढं उतरवलं. चांगले मार्क पडले.

पुढं तुम्हाला आदर्श शिक्षिका म्हणून शाल मिळाली. मी मागच्या रांगेत होते. मुलांना बघायला शिकवा, असं तुम्ही भाषणात सांगत होतात आणि लोक टाळ्या वाजवत होते. ज्यांनी आम्हाला नुसतं घोकायला लावलं त्या गुरुजींवर माझा राग नाही, त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, बाई.

हे पत्र धाडायला आता पत्ता नाही. तुम्ही हयात असतात तरी मी ते धाडलं नसतं. तुम्ही चार ओळींचं उत्तर लिहिलं असतंत, आणि तेवढ्यावर मी विरघळले असते.