कारण: पडणे

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. वाकून नमस्कार केला असता, पण दिवसभर खुर्चीत बसून पाठ आधीच वाकलीय, तेवढ्यावर भागव.

तुझा फोन लागत नाही म्हणून पत्र. बोलण्यापेक्षा मला हेच बरं पडतं. वर्गात उभं राहून धडा वाचायला नको म्हणून नववीत शाळा सोडली मी, आणि जिजूंनी त्यांच्याच कंपनीत नोकरी लावली तीही अशी की तोंड उघडायला लागत नाही!

खोलीला जाड पडदे आहेत. आत ओळीनं स्क्रीन आणि स्क्रीनवर दिवसभर मोडलेली हाडं. एक्स-रे आला की मोड असेल तिथं रेघ मारायची, मग खालच्या चारांतलं एक कारण निवडायचं: पडणे, वाहन, खेळ, इतर. आमच्या रेघा बघून बघून सॉफ्टवेअर शिकतं आणि मग दवाखान्यात डॉक्टरांना आपणहून सांगतं, मोड इथं आहे आणि अमक्यानं झालाय. एकच फोटो तिघांना देतात. दोघांचं जुळलं की ते खरं. ‘इतर’ टाकलं तर सुपरवायझर शेजारी येऊन उभा राहतो, का टाकलं विचारतो, मग बोलावं लागतं. म्हणून मी ‘इतर’ टाकतच नाही. शेजारच्या खुर्चीवरचे काका पूर्वी कंपाउंडर होते. ते म्हणतात, पोरी, माणूस काहीही झालं तरी शेवटी पडतोच ना, टाक पडणे.

हाडं शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी हात डोक्यावर आडवा धरून दाखवला. काठी चुकवायला माणूस असा हात धरतो, मग करंगळीकडचं हाड मधोमध मोडतं. असे हात रोज येतात गं. बायकांचे जास्त.

काल मालकांनी भाषण केलं. हाडांच्या सॉफ्टवेअरचा बाजार जोरात आहे म्हणे. म्हातारी माणसं वाढतायत, डॉक्टर आता ऑपरेशन आधी स्क्रीनवर करून बघतात, विमा कंपन्यांनाही हेच हवंय. आणि आता एकदाच विकून मोकळं व्हायचं नाही, महिन्याच्या भाड्यानं द्यायचं. मग जिजूंना उभं केलं, सगळ्यांत जास्त दवाखाने त्यांनी जोडले म्हणून. टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले.

पत्र टाक. माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी,
घुमी


११ मार्च

चि. घुमीस,
अ. उ. आ. खूप मोठी हो, पण इतक्यात इकडे येऊ नकोस.

डाव्या हातानं लिहितेय, अक्षराला हसलीस तर बघ. फोन यांच्याकडे असतो. यापुढे पत्र खालच्या इस्त्रीवालीच्या पत्त्यावर घाल. हे बाहेर जाताना कुलूप लावतात, मग मी खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडते.

तू टाळ्या वाजवल्यास, त्याच आठवड्यात एका मोठ्या दवाखान्यानं दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं घेतलं. हे बूट न काढताच आत आले. सगळा बाजार वाढतोय, मग माझाच आकडा का खाली येतोय, असं मला विचारत होते, जसा काही दवाखाना मीच चालवते. मी म्हटलं, आधी जेवून घ्या. तर दवाखान्यात दाखवायला नेतात ते मांडीचं नकली हाड, पोलादी सळई घातलेलं, बॅगेतून काढलं आणि माझ्या डोक्यावर घातलं. मी हात आडवा धरला. काडकन वाजलं. मला वाटलं यांचा नमुना मोडला, आता त्याचाही मार मला पडणार. मोडला होता माझा हात.

लग्नापासून हेच चाललंय गं. आईला सांगू नकोस. ती यांनाच फोन करून समजावते आणि फोन ठेवला की मला लाथा बसतात. मागे इस्त्रीवालीनं पोलीस आणले होते. तोंडी सांगण्यावर काय करणार, ते यांच्याशी चहा पिऊन गेले. त्या रात्री माझा दात गेला.

पण आता मी ठरवलंय. हे दौऱ्यावर गेलेत, चार दिवसांनी परतले की यांच्या ओळखीच्या दवाखान्यात नेणार आहेत. तिथं डॉक्टरांना खरं सांगायचं. डॉक्टरांनी मारहाण लिहिली की मला पुन्हा या घरात यावं लागणार नाही. मला दुसरं काही नको.

तुझ्यावर जीव आहे, तो कुठे जात नाही.
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार पोचला असं समज.

मी त्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या. त्याचं नाव घ्यायचीही इच्छा नाही. पण ताई, तू घाबरू नकोस. तुझा हात अगदी मॅडमनी दाखवला तस्सा आहे. आणि त्या दवाखान्यात आमचंच सॉफ्टवेअर आहे, त्यानंच विकलंय! फोटो लावला की मोड लगेच दिसेल. डॉक्टर बघताक्षणी ओळखतील. तू फक्त तोंड उघड. मला जमत नाही ते तू कर.

माझी आठवण ठेव, वेळ आली की मला हाक मार.
घुमी


१८ मार्च

चि. घुमीस,
आशीर्वाद आहेतच.

दवाखान्यात हे माझ्या शेजारी बसले होते. तरुण डॉक्टर यांना सर म्हणत होता. फोटो लागला. स्क्रीनवर लाल रेघ आली आणि खाली आलं, कारण पडणे, खात्री सत्याण्णव टक्के. डॉक्टरनं स्क्रीनकडे बघतच विचारलं, कशा पडलात. मी म्हटलं, पडले नाही, यांनी मारलं. त्यानं परत स्क्रीनकडे बघितलं. म्हणाला, धक्क्यानं असं होतं, नीट आठवत नाही. हे हसले. बघा, म्हणाले, आपलं यंत्र बायकोपेक्षा खरं बोलतं.

घरी आल्यावर तोंड उघडल्याबद्दल प्लास्टरवरच मारलं. मग खाली पाडून बरगडीत बूट. श्वास घेतला की टोचतं. म्हणाले, आता तुझं काहीही मोडलं तरी तू पडलेलीच असणार.

तुम्ही काय शिकवता गं त्या यंत्राला?

ताई


२ एप्रिल

ती. ताईस, मुक्काम आत्याकडे,
सा. न. आत्यालाही सांग.

बसमध्ये तू सारखं विचारत होतीस, माझ्या बोटाला काय झालं, किल्ली कुठून आणलीस. माझ्यानं बोलवलं नाही. लिहिते.

तुझं ते पत्र वाचलं. त्या यंत्राला मीच शिकवलं, ताई. मी आणि काका आणि पलीकडच्या स्क्रीनवरची मुलगी. बोलावं लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मी ‘इतर’ टाकलं. सुपरवायझर आला. मी म्हटलं, मारहाण असं कारण हवं. आवाज फुटेना, तीनदा म्हटलं. तो म्हणाला, ते मुद्दाम काढलंय. यंत्र मारहाण म्हणालं की दवाखान्याला पोलीस बोलवावे लागतात. अशी कटकट कोण विकत घेईल?

मग त्यानं जाऊन जिजूला सांगितलं. जिजूनं मला सामानाच्या खोलीत नेलं, जिथं नमुन्याची हाडं खोक्यांत असतात. केस धरून डोकं रॅकवर आपटलं, दोनदा. विचारलं, रेघा कोणत्या बोटानं मारतेस. ते बोट उलटं वाकवत नेलं, मोडेपर्यंत. मी ओरडलेसुद्धा नाही गं, मी ओरडतच नाही ना, त्याला वाटलं एवढ्यावर संपलं. कडी लावायला तो वळला. मी डाव्या हातानं सळईवालं हाड उचललं आणि त्याच्या नडगीवर घातलं. तो हसला. दुसऱ्या फटक्याला खाली आला. तिसऱ्याची गरज नव्हती. तरी मारला. हाड मोडायचा आवाज फोटोत कधी ऐकू येत नाही. आता ऐकलाय. झोपेतही येतो.

तो ओरडत होता. मी त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि तुझ्याकडे पळाले. पुढचं तुला माहितीये.

आणि आता ऐक. काका त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. तो तिथं बोंबलत होता, मेव्हणीनं मारलं म्हणून. तोच तरुण डॉक्टर. फोटो लावला. कारण पडणे. डॉक्टर म्हणाला, सर, तुमचंच यंत्र आहे. तेवढ्यात मालक आले. मोठा सौदा व्हायचाय. त्याच्याच पायावर यंत्र चुकलं असं बाहेर गेलं तर घेणार कोण? संध्याकाळी तोच सांगायला लागला की शिडीवरून पडलो.

तू जेवतेस ना? मला धरून ठेव.
घुमी


७ एप्रिल

चि. घुमीस,
अ. उ. आ., आणि त्या बोटाला वेगळे.

वाचून रडले, मग इतकी हसले की बरगडी धरून बसावं लागलं. तू! झुरळ दिसलं तर माझ्या पदराआड लपणारी!

आता माझं ऐक. गप्प बस. त्यात तू हुशार आहेस. तो पडला म्हणतोय तर पडू दे. तुला कुणी हात लावणार नाही.

माझी काळजी करू नकोस. त्यानं आईकरवी निरोप धाडलाय. दवाखान्याच्या कागदावर तुझ्या हाताचं कारण पडणे लिहिलंय, माझ्यावर उगाच आळ घेऊ नकोस, पाय प्लास्टरमध्ये आहे, बायकोनं घरी यायला हवं. आई आत्याच्या दारात बसून आहे. म्हणते, अधू माणसाला टाकणं शोभत नाही. आत्याही आता माझ्याशी कमी बोलते. गेले तर चार दिवसांसाठी जाईन. नाही गेले तर तो तुझं नाव घेईल, त्यापेक्षा ते परवडलं.

तू सुखात राहा, मी बघते.
ताई


१० एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. या वेळी तू माझी मोठी आहेस हे मी ऐकणार नाही.

जायचं नाहीस. चार दिवस नाही, चार मिनिटंही नाही. आईला सांग, घुमीनं बजावलंय.

त्याचा पाय पडून मोडला असेल तर तुझा हातही पडूनच मोडला. दोन्ही एकाच यंत्रानं सांगितलं. मी गप्प बसले की दोन्ही खरं ठरतं. म्हणून उद्या सकाळी मी चौकीत जातेय. सांगणार, तो पडला नाही, मी मारलं, तीनदा, तिसरा रागानं. मग ते विचारतील का मारलं. काका बरोबर येतायत, आणि हाडवाल्या मॅडमना मी फोन केला. फोन, ताई, मी! त्या दवाखान्यातून तुझ्या हाताचा फोटो मागवून घेऊन येतायत. मला आत बसवलं तर बसवू देत.

काल आरशासमोर बोलून बघितलं. आवाज अजून बारीकच आहे. पण काका म्हणाले चौकीची खोली लहान आहे, पुरेल.

तुझीच,
घुमी